परक्या सरकारचा पैसा आणि आपल्या गांवचें काम

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या भागांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांस परदेशांचीं नांवें परकीं वाटत नाहींत. कोणाचे वडील चिंचवडास एस. के. एफ. या स्वीडिश कंपनीच्या कारखान्यांत आहेत; कोणाचा थोरला भाऊ चाकणास फोक्सवागनच्या किंवा मर्सिडीझच्या कारखान्यांत जर्मन मोटारी जुळविण्याचें काम करितो. हा संबंध व्यापाराचा होय. ते भांडवल व यंत्रें आणतात, आपले लोक श्रम व कौशल्य देतात, माल तयार होऊन विकला जातो, आणि नफ्यातोट्याचा हिशेब दोन्ही पक्षांस ठाऊक असतो. यांत कोणी कोणावर उपकार करीत नाहीं. परंतु राष्ट्राराष्ट्रांमध्यें आणखीहि एक संबंध असतो, ज्यांत विकणें नाहीं व विकत घेणेंहि नाहीं. एका देशाचें सरकार आपल्या नागरिकांकडून कर घेतें आणि त्यांतील कांहीं भाग दुसऱ्या देशांतील विहिरी, दवाखाने, शाळा व शेतें यांकरितां देतें. आणि पुष्कळ वेळां तो पैसा तेथील सरकारच्या हातीं न देतां एखाद्या लोकसेवी संस्थेच्या हातीं देतें.

अशी बातमी वर्तमानपत्रांत वाचली म्हणजे विचारी विद्यार्थ्याच्या मनांत तीन प्रश्न उभे राहतात. देणारें सरकार काय म्हणून देतें? द्यावयाचेंच तर संस्थेच्या मार्फत कां देतें? आणि घेणाऱ्या गांवाचा स्वाभिमान यांत शिल्लक राहतो काय? या तीन प्रश्नांचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळें त्यास अधिक जागा देऊं.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करूं. परदेशांतून पैसा मुख्यतः तीन रूपांनीं येतो. एक भांडवल, तें नफ्यासाठीं येतें. दुसरें कर्ज, तें मुदतीनें परत करावयाचें असतें. तिसरें अनुदान, तें परत करावयाचें नसतें, परंतु ठरलेल्या कामावरच खर्चावें लागतें आणि त्याचा पैपैचा हिशेब द्यावा लागतो. अनुदान येण्याच्या वाटाहि तीन आहेत : सरकाराकडून सरकाराकडे, संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या शाखेमार्फत, किंवा लोकसेवी संस्थेमार्फत. लोकसेवी संस्था म्हणजे सारें फुकट करणारी संस्था, असें कित्येक समजतात. तें बरोबर नाहीं. अशी संस्था शुल्क घेऊं शकते व तिचे सेवक पगारहि घेतात. मात्र वर्षाअखेर जी शिल्लक उरते ती कोणी मालक वांटून घेत नाहीं. ती पुन्हां त्याच कामांत घालावी लागते. हेंच तिचें लक्षण होय.

सरकारचा पैसा व खाजगी संस्थेचें काम यांची जोड कशी बसते हें समजण्यास दूर जावयास नको. १८५४ सालीं सर चार्लस वुड यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला शिक्षणविषयक खलिता विलायतेहून हिंदुस्थानांत आला. सर्वच शाळा सरकारनें स्वतः काढण्यापेक्षां, खाजगी मंडळ्या ज्या शाळा चालवितात त्यांस अनुदान द्यावें, असें धोरण त्यांत सांगितलें होतें. त्यास अटी होत्या. खर्चाचा कांहीं भाग मंडळीनें स्वतः उभा करावा; सरकारी तपासणी मान्य करावी; आणि तपासणाऱ्यानें शाळेंतील धर्मशिक्षणांत लक्ष न घालतां लौकिक शिक्षण चांगलें चाललें आहे कीं नाहीं एवढेंच पाहावें. मिशनच्या व एतद्देशीय मंडळ्यांच्या कितीतरी शाळा या आधारानें वाढल्या. 'अनुदानित शाळा' हा शब्द आपल्या पालकांच्या बोलण्यांत आजहि आहे. स्वतःचा वांटा, तपासणी आणि कामापुरताच संबंध, हीं तीन तत्त्वें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. पुढें हजारों मैल दूरच्या व्यवहारांतहि तींच आपणांस पुन्हां भेटतील.

आतां आपल्या गांवचाच दाखला घेऊं. १९२८ सालीं अलेक्झांडर फ्लेमिंग यांस लंडनमध्यें पेनिसिलिनचा शोध लागला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तें मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागलें. भारत स्वतंत्र झाला तेव्हां हें औषध परदेशांतून आणावें लागे, व गरिबांच्या घरीं तें पोंचणें दुरापास्त असे. १९५१ सालीं भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि मुलांसाठीं काम करणारी युनिसेफ ही संयुक्त राष्ट्रांची शाखा यांच्यामध्यें करार झाला. युनिसेफनें यंत्रसामग्री द्यावी, आरोग्य संघटनेनें तज्ज्ञ व शिक्षण द्यावें, आणि बाकीचा भार भारत सरकारनें उचलावा, अशी ती वांटणी होती. युनिसेफकडे येणारा पैसा कोणा एका देशाचा नव्हे. निरनिराळीं सरकारें व सामान्य लोक आपखुषीनें तो देत असतात. १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स ही कंपनी स्थापन झाली. औषधें तयार करणारी भारत सरकारची ती पहिलीच कंपनी. १९५५ सालीं पिंपरीस पेनिसिलिन तयार होऊं लागलें, आणि १९५६ सालीं पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें कारखान्याचें उद्‌घाटन झालें. पुढें ज्या भागांत शेंकडों कारखाने उभे राहिले, त्या भागांतील पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकीं हा एक होता.

या साहाय्याची खरी किंमत मात्र यंत्रांत नव्हती. परदेशी तज्ज्ञांबरोबर राहून आपले शास्त्रज्ञ शिकले, व शिकून स्वतः शोध करूं लागले. डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पिंपरीच्या प्रयोगशाळेंत बुरशीच्या रोगांवरील 'हॅमायसिन' हें औषध शोधून काढलें. ज्या सूक्ष्म जीवापासून तें मिळालें त्यास 'स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना' असें नांव देण्यांत आलें. आपल्या गांवाचें नांव अशा रीतीनें जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत गेलें आहे, हें आमच्या किती विद्यार्थ्यांस ठाऊक आहे? घेणारा शिकला, आणि शिकल्यावर त्यानें जगाच्या ज्ञानांत आपली भर घातली.

त्याबरोबर दुसरी गोष्टहि सांगितली पाहिजे. पुढील काळांत या कारखान्यावर वाईट दिवस आले. स्वस्त परदेशी मालाची स्पर्धा वाढली, यंत्रें जुनीं झालीं, आणि १९९० नंतरच्या दशकांत कंपनी तोट्यांत सांपडली. कामगारांच्या कित्येक कुटुंबांनीं त्याची झळ सोसली. देणाऱ्यानें यंत्रें देऊन चालतें. तीं काळाप्रमाणें नवीं करणें, बाजार ओळखणें व घर सांवरणें हें घेणाऱ्यालाच करावें लागतें.

पिंपरीचें साहाय्य सरकाराच्या हातीं आलें. मग कांहीं साहाय्य संस्थांच्या हातीं कां जातें? याचें कारण कामाच्या स्वरूपांत आहे. कारखाना, धरण किंवा रेल्वे हीं कामें सरकारनेंच करावयाचीं असतात. परंतु एखाद्या डोंगराळ वाडींतील लोकांस एकत्र बसविणें, त्यांचीं भांडणें मिटविणें, स्त्रियांस सभेंत बोलतें करणें, हीं कामें हुकुमानें होत नाहींत. तेथें वर्षानुवर्षें राहणारीं, लोकांच्या ओळखीचीं, पायीं हिंडणारीं माणसें लागतात. सरकारी अधिकारी कितीहि भला असला तरी तीन वर्षांनीं त्याची बदली होते. संस्थेचा कार्यकर्ता तेथेंच राहतो. म्हणून पैसा सरकारचा व पाय संस्थेचे, अशी ही जोडी जमते.

देणारें सरकार तरी काय म्हणून देतें? तीन कारणें सांगतां येतील, आणि तिन्ही एकाच वेळीं खरीं असूं शकतात. एक म्हणजे भूतदया. दुसरें दूरदृष्टि, सांथ, दुष्काळ व अशांति यांस सरहद्द अडवीत नाहीं. तिसरें स्वहित, ज्यास साहाय्य करावें तो पुढें मित्र व गिऱ्हाईक होतो. १९७० सालीं संयुक्त राष्ट्रांनीं असा ठराव केला कीं, श्रीमंत देशांनीं आपल्या राष्ट्रीय उत्पन्नांतील दर हजारीं सात भाग या कामास द्यावेत. तें माप पुरें भरणारे देश आजपर्यंत थोडेच निघाले. तेव्हां देणाऱ्यांस केवळ दाते समजून हात जोडूं नयेत, कीं केवळ स्वार्थी समजून दार लावूं नये. अटी वाचाव्यात आणि मग ठरवावें.

अटींच्या दृष्टीनें जर्मनीचें उदाहरण अभ्यासण्यासारखें आहे. तेथें १९६१ सालीं या कामासाठीं स्वतंत्र मंत्रालय निघालें, व १९६२ पासून तेथील कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट चर्चच्या साहाय्यसंस्थांमार्फत सरकारी पैसा परदेशांतील सेवाकार्यास मिळूं लागला. इतर खाजगी संस्थांसहि तो मिळतो. मात्र सरकार साधारणपणें खर्चाच्या शेंकडा ७५ पर्यंतच भाग देतें, बाकीचा संस्थेनें व तिच्या सहकाऱ्यांनीं उभा करावा लागतो. आणि चर्चच्या संस्थेमार्फत गेला तरी हा पैसा धर्मप्रसाराकडे वापरतां येत नाहीं. तो विहीर, शाळा, औषधोपचार अशा लौकिक कामावरच खर्चावा लागतो. आम्ही स्वतः ख्रिस्ती असूनहि, किंबहुना ख्रिस्ती आहों म्हणूनच, ही अट आम्हांस योग्य वाटते. तहानलेल्यास पाणी देतांना त्याचा धर्म विचारूं नये, आणि पाण्याच्या बदल्यांत त्याचा धर्म मागूंहि नये.

जर्मनीविषयीं आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. दुसऱ्या महायुद्धानंतर तो देश जमीनदोस्त झाला होता. अमेरिकेनें मार्शल योजनेखालीं युरोपास जें साहाय्य केलें, त्यांतील जर्मनीच्या वांट्याचा पैसा पुनर्रचनेच्या कामीं लावण्यासाठीं १९४८ सालीं के. एफ. डब्ल्यू. नांवाची सरकारी पेढी स्थापन झाली. कालांतरानें देश सांवरला, आणि तीच पेढी परदेशांस साहाय्य पोंचवूं लागली. जी पेढी घेण्यासाठीं जन्मली ती देणारी झाली. याच पेढीचा पैसा आपल्या महाराष्ट्रांतील कोरड्या गांवांत आला. ती हकीकत आतां सांगतों.

चाकणवरून जाणारा पुणें-नाशिक रस्ता पुढें नारायणगांव ओलांडून संगमनेरास जातो. संगमनेर तालुका अहमदनगर जिल्ह्यांत आहे. २०२४ सालीं त्या जिल्ह्यास अहिल्यानगर असें नांव मिळालें. सह्याद्रीनें पावसाचे ढग अडविल्यामुळें या जिल्ह्याचा पूर्वेकडील बराच भाग पर्जन्यछायेंत पडतो. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तेथील वृद्ध लोक आजहि सांगतात. पाऊस थोडा; जो पडे तो उघड्या डोंगरावरून माती घेऊन वाहून जाई; आणि उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागे. पोटासाठीं तरुण माणसें ऊसतोडीला किंवा शहराकडे जात. आमच्या भागांतील कितीतरी कुटुंबें अशाच गांवांतून येथें आलेलीं आहेत.

या जिल्ह्यांत फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट पाद्री दीर्घ काळ ग्रामसेवा करीत होते. १९८९ च्या सुमारास त्यांच्या पुढाकारानें भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची कल्पना आकारास आली. पाणलोट म्हणजे डोंगराच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंतचा असा प्रदेश, कीं ज्यावर पडलेलें पाणी एकाच वाटेनें खालीं येतें. तो सगळा एक धरून, माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमानें काम करावयाचें : वर सलग समतल चर व झाडें, मध्यें शेतांचे बांध, खालीं ओढ्यावर लहान बंधारे. धांवणारें पाणी चालावयास लावावें, चालणारें थांबवावें, व थांबलेलें जमिनींत मुरवावें, एवढेंच याचें मर्म.

पैशाचा प्रवास कसा होता तो पाहा. जर्मन सरकारनें तो के. एफ. डब्ल्यू. पेढीमार्फत दिला. आपल्याकडे तो नाबार्ड या १९८२ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय बँकेकडे आला. गांवांत काम करावयास स्थानिक सेवासंस्था, आणि त्या संस्थांस व गांवकऱ्यांस तयार करण्यासाठीं १९९३ सालीं फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनीं स्थापिलेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था होती. परंतु पैशाचा शेवटचा मुक्काम यांपैकीं कोणाच्याहि दारीं नव्हता. ग्रामसभेनें नेमलेली गांवची पाणलोट समिति व सहकारी संस्था यांचें काम संयुक्त असे; मजुरी कोणास किती मिळाली हें गांवांतल्या गांवांत सर्वांस दिसत असे.

अटी कडक होत्या. गांवानें चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी. मजुरीच्या खर्चाचा ठराविक वांटा श्रमदानानें भरावा. आणि प्रथम लहानशा क्षेत्रावर काम करून दाखवावें. तें पार पडलें तरच मोठी रक्कम मिळावयाची. प्रत्येक शेताचा आराखडा त्या शेतकऱ्यास व त्याच्या घरधनिणीस बांधावर उभें करून, त्यांच्या संमतीनें, आंखला जाई. कोणी म्हणेल, गरिबाकडून श्रमदान मागणें म्हणजे दानाला किंमत लावणें होय. वरवर पाहतां हें खरें वाटतें. परंतु जो बांध आपण स्वतः घामानें घातला त्यास पहिल्या पावसांत भगदाड पडलें तर माणूस रात्रीं उठून तें बुजवितो. सरकारनें किंवा परक्यानें घातलेला बांध फुटला तर तो अर्ज लिहितो. वांटा मागण्यांत अपमान नाहीं. मालकीची खूण आहे.

संगमनेर तालुक्यांतील दरेवाडी हें या कार्यक्रमाचें बहुश्रुत गांव. तेथें १९९६ पासून २००१ पर्यंत काम चाललें. पूर्वी गांवांत शेतीचें काम वर्षांतून तीन-चार महिनेच मिळे. पुढें तें नऊ-दहा महिने मिळूं लागलें. विहिरींचें पाणी वाढलें, गवत वाढलें, पिकें बदललीं. २००१ सालीं सर्व कामाची जबाबदारी गांवच्या समितीकडे सोंपविण्यांत आली.

ही हकीकत केवळ गोड करून सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. ज्याच्याजवळ वीस एकर जमीन आहे त्याला ती थोडे दिवसांची अडचण. ज्याची सारी मिळकत म्हणजे चाळीस शेळ्यामेंढ्या, त्या धनगराचा तो पोटाचा प्रश्न. वाढलेलें पाणीहि प्रथम विहीर व जमीन असलेल्याच्याच उपयोगीं पडतें. भूमिहीनास मिळते ती मजुरी. म्हणून अशा कामांत सगळा डोंगर एकदम बंद करणें शहाणपणाचें नसतें. तो तुकड्यातुकड्यानें बंद करावा, मेंढपाळास सभेंत बोलवावें, आणि मजुरीचें काम आधीं भूमिहीनास द्यावें. सभेंत जो गप्प बसतो त्याचें नुकसान हिशेबाच्या वहींत उमटत नाहीं. उत्तम हिशेबतपासनीसहि तें शोधूं शकत नाहीं; तें शेजाऱ्यानेंच पाहिलें पाहिजे.

या अनुदानाचें पुढें काय झालें? तें कायमचें चालूं राहिलें नाहीं, आणि राहूंहि नये. पण त्याचा अनुभव वांया गेला नाहीं. १९९९-२००० मध्यें भारत सरकार व नाबार्ड यांनीं प्रत्येकीं १०० कोटि रुपये घालून २०० कोटींचा पाणलोट विकास निधि आपल्याच पैशानें उभा केला. तसाच दुसरा दाखला वाडी प्रकल्पाचा. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळी कांचनला स्थापिलेल्या बाएफ या संस्थेच्या अनुभवावर, आदिवासी कुटुंबांस आंबा, काजू यांच्या लहान बागा लावून देण्याचें काम गुजराथेंत व नंतर महाराष्ट्रांत के. एफ. डब्ल्यू. च्या साहाय्यानें झालें. त्यानंतर नाबार्डनें २००३-०४ मध्यें आदिवासी विकासासाठीं स्वतःचा निधि काढला. परदेशचा पैसा येथें विरजणासारखा उपयोगीं पडला. दूध आपलेंच होतें.

येथें कायद्याचाहि उल्लेख केला पाहिजे. परदेशांतून संस्थांस मिळणाऱ्या देणग्यांसाठीं आपल्या देशांत प्रथम १९७६ सालीं व नंतर २०१० सालीं कायदा झाला. अशी देणगी घेणाऱ्या संस्थेस सरकारकडे नोंदणी करावी लागते व दर वर्षीं हिशेब सादर करावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीप्रमाणें देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लींतील मुख्य शाखेंतच जमा व्हावी लागते, व्यवस्थेचा खर्च शेंकडा २० पेक्षां अधिक करतां येत नाहीं, आणि एका संस्थेस मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेस देतां येत नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या शाखांचा पैसा मात्र या कायद्याखालीं परदेशी देणगी गणला जात नाहीं. आपल्या देशांत कोणाचा पैसा कशासाठीं येतो हें जाणण्याचा राष्ट्रास हक्क आहे, यांत शंका नाहीं. परंतु मोठ्या संस्थेनें पैसा आणावा व खेड्यांतील लहान संस्थेनें काम करावें, ही पूर्वींची रीति आतां बंद झाल्यामुळें लहान संस्थांची अडचण झाली आहे, हेंहि तितकेंच खरें. चोर पकडण्यासाठीं कुंपण उंच करावें, पण घरच्या माणसास आंत येतां येईल एवढें फाटक ठेवावें.

देणारा हात केव्हां आंखडेल याचाहि भरंवसा नसतो. २००३ सालीं भारत सरकारनेंच पुष्कळ लहान देणाऱ्या देशांस कळविलें कीं, त्यांनीं यापुढें सरकारास साहाय्य न देतां तें लोकसेवी संस्थांमार्फत किंवा संयुक्त राष्ट्रांमार्फत द्यावें. ब्रिटननें भारत सरकारास द्यावयाचें आर्थिक अनुदान २०१५ पर्यंत संपविण्याचें २०१२ सालीं जाहीर केलें. आणि २०२५ सालीं अमेरिकेनें यु. एस. एड. ही आपली प्रचंड साहाय्यसंस्थाच बंद केली. जगांतील कितीतरी दवाखाने व संस्था एकाएकीं अडचणींत आल्या. ज्या संस्थेचे दोन्ही पाय एकाच परक्या पेटींत असतात, तिचें झांकण लागलें कीं ती संस्था संपते. ज्या गांवानें आपला वांटा घातलेला असतो तें गांव मात्र हळहळून पुन्हां कामास लागतें.

आतां चित्राची दुसरी बाजू पाहूं. आपला देश हा केवळ घेणारा आहे, ही समजूत जुनी झाली. १९६४ पासून भारत सरकार इतर देशांतील लोकांस आपल्या खर्चानें येथें बोलावून शिक्षण देत आलें आहे. राजस्थानांतील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेज या संस्थेंत आफ्रिकेंतील व इतर देशांतील खेडवळ स्त्रिया, ज्यांतील कित्येक निरक्षर आजीबाई होत्या, २००८ पासून सरकारच्या साहाय्यानें येऊं लागल्या व सूर्यप्रकाशावर चालणारे दिवे जोडण्यास शिकून आपापल्या गांवीं परतल्या. 'जयपूर पाय' बसविणाऱ्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीच्या मार्फत परदेशांतील अपंगांस कृत्रिम पाय देण्याचा उपक्रम परराष्ट्र मंत्रालयानें २०१८ सालीं सुरू केला. पैसा भारत सरकारचा, हात लोकसेवी संस्थेचे, आणि चालावयास लागणारा माणूस परक्या देशाचा! जी रीति आपण घेणारे म्हणून शिकलों तीच आतां देणारे म्हणून वापरीत आहों.

पालकांसाठींहि यांत एक विचार आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें मोठ्या कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्यापैकीं शेंकडा दोन भाग समाजकार्यावर खर्चावा लागतो, आणि आमच्या भागांत अशा कंपन्यांची वाण नाहीं. तो पैसा सरकारचा नव्हे, पण व्यवहाराचे प्रश्न तेच आहेत. आपल्या वस्तींत, शाळेंत किंवा मूळ गांवीं असें कांहीं काम येईल तेव्हां चार गोष्टी विचाराव्या. हें काम हवें असें कोणी ठरविलें, आपण कीं देणाऱ्यानें? यांत आपला वांटा कोणता? हिशेब गांवांतील सर्वांत गरीब माणसास वाचून दाखविला जाईल काय? आणि पैसा बंद झाल्यावर हें काम कोण चालवील? या चार प्रश्नांचीं उत्तरें नीट मिळालीं तर पैसा परक्याचा असला तरी काम आपलें होतें. एकाचेंहि उत्तर मिळालें नाहीं, तर घरच्या पैशानें झालेलें कामहि परकेंच राहतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां कारखान्यांत जाईल, कोणी सरकारी कचेरींत, कोणी एखाद्या संस्थेंत. दुसऱ्याचा पैसा चांगल्या कामासाठीं हातीं घेण्याचा प्रसंग कोणावर ना कोणावर येईलच. शाळेच्या सहलीची वर्गणी गोळा करणारा वर्गप्रमुख आज त्याच जागेवर उभा आहे. पावती द्या, हिशेब उघडा ठेवा, ज्याच्याजवळ द्यावयास पैसे नाहींत त्याचाहि वांटा कामांत घ्या, आणि उरलेली शिल्लक परत करा. राष्ट्राराष्ट्रांतील विश्वास यापेक्षां फार निराळ्या गोष्टींवर उभा राहतो असें आम्हांस वाटत नाहीं.